डिकीतला वानवळा

गाडी कशी आहे, असं कॉलेजात मला रोज कोणीतरी विचारतं. खामगावातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्याकडे चहाला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक सध्या गाडी घ्यायच्या विचारात असतात. त्यांना मी ‘चांगली आहे’ एवढंच सांगतो. नीट सांगायचं तर चहा संपेपर्यंत उत्तर संपणार नाही, म्हणून इथे लिहून काढतो आहे.

गाडी पांढरी, वापरलेली, चार मीटरच्या आत बसवलेली, तरी मागे वेगळी डिकी असलेली. आमच्या भागात डिकीवाली गाडी म्हणजे पुरी गाडी. डिकी नसली की लोक विचारतात, मागून कापून आणली का? मालक ओळखीचे होते. म्हणाले, “चार-पाच दिवस न्या, घरच्यांना बसवून पाहा, मग हो-नाही सांगा.” जानेवारीचा महिना होता. मी सोमवारपासून रजा टाकली आणि रविवारी सकाळी मामांकडे निघालो, कारण गाडी घ्यायची होती ती त्यांच्यासाठीच.

पिंपळगाव राजा

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आमच्या गावात सातवीनंतर शाळा नव्हती, तेव्हा वासुदेवमामा मला पिंपळगावला घेऊन आले. आठवीपासून पदवी हाती येईपर्यंत मी त्यांच्या घरी जेवलो. मामांचं वांग्या-मिरचीचं शेत. स्वतः चौथीत शाळा सोडलेले, पण माझ्या परीक्षेच्या दिवशी सायकलच्या दांड्यावर बसवून खामगावला आणायचे आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे. माझ्याकडे आज जे आहे त्याची सुरुवात त्या दांड्यावर झाली.

मामांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्याला दोन वर्षांपूर्वी तूर झोडताना काडी लागली. आधी घरचं औषध झालं, मग गावचं, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. आता त्यांना उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, पण कोण ते आवाजावरून. कोणीतरी मरणानंतर डोळे दिले तर त्यातलं बुबुळ बसवता येईल, म्हणून संभाजीनगरच्या एका दवाखान्यात दीड वर्षापासून नाव लावलं होतं. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले होते, फुलावर रक्ताच्या शिरा चढताहेत. जितका उशीर, तितकं नवं बुबुळ धरायची शक्यता कमी. बसवल्यावर वरचेवर तपासायला जावं लागणार होतं, तेही धूळ आणि धक्के टाळून. एसटीने ते जमलं नसतं. म्हणून गाडी.

मामांनी गाडी हातांनी पाहिली. डावा हात पत्र्यावर ठेवून सगळीकडून एक चक्कर मारली.

“मागचं दार केवळंसं हाय बे?”

“छोट्या गाडीला तेवढंच असतं मामा.”

“अन् हे काय?”

मी डिकी उघडली. मामा कमरेपर्यंत आत वाकले, दोन्ही हात पसरून मापं घेतली. आतून आवाज आला, “अबब! अथी तं माहा अख्खा वाफा मावते!”

मामी दारातून म्हणाली, “आत्ताच निघा बाहेर, नाईतं झाकन लावून देईन मी. दोन दिवस शांततेत जातीन.”

बसताना गाडीचा पहिला दोष कळला. छत मागे उतरत जातं, त्यामुळे मागच्या सीटवर शिरताना मामांचं डोकं आपटलं आणि टोपी पडली. त्यांना पुढे बसवलं, तरी टोपी पडलीच. सीट इतकी खाली की बसताना माणूस शेवटच्या वितीला अंग सोडून देतो. “भुईवर बसून चालल्यावानी वाटते,” मामा म्हणाले. मामीला तर गुडघ्यांमुळे उतरताना माझ्या हाताचा आधार लागायचाच. मागे मधोमध जमिनीला उंचवटा आहे, तिथे तिसऱ्या माणसाने पाय कुठे ठेवायचे हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक.

गुणही लगेच कळले. काचा लावल्या की धुळीचा कण आत येत नाही आणि बाहेरचा आवाज जवळजवळ बंद होतो. मामा म्हणाले, “देवघरात बसल्यावानी शांत हाय.” पेट्रोल बेताचं पिते. गल्लीत वळते.

गाडी आलीच आहे तर पोरीकडे जाऊन येऊ, असं मामांनी ठरवलं. शीला अमडापूरला दिलेली. पुढे हिवरा आश्रमला मामीची बहीण. दोन मुक्काम करून परत. निघताना डिकीत वांग्यांची दोन मोठी गाठोडी, मेथी आणि हिरव्या मिरच्यांचं पोतं चढलं. शेतात पिकलेलं आपल्या माणसांना चवीला पाठवायचं, तो वानवळा. खामगावात हल्ली पाहुण्याच्या हातावर पेढ्यांचा पुडा ठेवला की झालं. खेड्यात तसं नाही. तिथे द्यायला काही नसणं ही लाजेची गोष्ट असते, आणि घ्यायला नाही म्हणणं हा अपमान.

अमडापूर

खामगाव सोडल्यावर घाट लागतो. भरलेल्या डिकीने गाडी तिथे दमली, दुसऱ्या गिअरवरच चढली. हा दुसरा दोष. वर मात्र पठारावर हरभरा घाट्यांनी भरलेला, तुरी कापून ठेवलेल्या, ज्वारी निसवलेली. मामा काच खाली करू देत नव्हते, डोळ्यात धूळ जाईल म्हणून, पण दर थोड्या वेळाने विचारायचे, “आता काय लागलं?” मी सांगायचो. “हरभरा.” “घाटे भरले का?” “भरले असावेत.” “असावेत काय बे? पाह्य ना. तुले डोळे हायेत.”

शीलाने सोल्यांची आमटी केली होती. तुरीचे ओले दाणे वाटून केलेली ही आमटी जानेवारीतच मिळते आणि ती भाकरीबरोबर खाताना कोणी फारसं बोलत नाही. तिचा नवरा सुनील मालवाहू गाडी चालवतो. जेवण झाल्यावर तो सरळ माझ्या गाडीखाली डोकावला.

“गाडी चांगली हाय दादा. पण बुडाला लय खाली हाय. शहराची गाडी हाय ही.”

“आपल्यालाही शहरातच जायचंय, दवाखान्यात.”

“शहरात जाले पह्यले खेड्यातून निघा लागते ना,” तो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना शीलाचं नेहमीचं सुरू झालं. पाहुणे गाडीत बसले की ही घरात नाहीशी होते. मग आतून डबे आपटल्याचे, पोतं ओढल्याचे आवाज येतात, आणि ती पदर खोचून काहीतरी उचलून आणते. मामा ते ऐकायला गाडीत बसतच नाहीत. ते डिकीच्या झाकणावर तळवा ठेवून उभे होते, चेहऱ्यावर आधीच हसू.

“काय आनलं व?”

“डाय हाय बाबा, तुरीची. नवी. घरच्या जात्यावरची.”

“अन् हे?”

“कोहळं.”

“इतलं मोठं? पोरीच्या जातीनं इतलं मोठं कोहळं उचलू नये.”

“तुमची पोरगी हाय, उचलते.”

डाळीचं पोतं, ज्वारीचं कट्टं म्हणजे अर्धं पोतं, दोन कोहळी. आमची वांगी अर्धी उतरली होती, अर्धी मामीच्या बहिणीसाठी तशीच आत. सुनीलने गाडीच्या मागच्या चाकांकडे पाहिलं, पण सासऱ्यासमोर जावई काय बोलणार? डिकी लावायला त्याला आणि मला दोघांना जोर करावा लागला.

गावाबाहेरच्या ब्रेकरवर पोटाखालून खर्र असा आवाज आला.

“लागली बे,” मामा म्हणाले.

“हो. जरा घासली.”

“माह्या पोरीचं माप हाय ते,” मामा खूश होऊन म्हणाले. पुढच्या प्रत्येक ब्रेकरला ते कान देऊन बसायचे आणि घासलं की, “लागली!” मी एकेका ब्रेकरवर गाडी तिरपी करून, एक एक चाक चढवून नेत होतो.

हिवरा आश्रम

मामीच्या बहिणीचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, आश्रमाच्या अलीकडे राहतात. संत्र्याची बाग आहे. आम्ही पोचलो, हातपाय धुतले, मावशीने, म्हणजे मामीच्या बहिणीने, पोह्यांच्या ताटल्या मांडल्या. मामांनी पहिला घास उचलायच्या आत माझा फोन वाजला.

दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. बुबुळ आलं होतं. बाहेरगावचे सर्जन आज आलेत, उद्या नसतील. “आत्ताच निघा. काही खाऊ-पिऊ देऊ नका. तीनच्या आत इथे पाहिजेत, तपासण्या असतात. दोन पेशंटना फोन केलाय, पहिलं नाव तुमचं. तुम्ही वेळेत आला नाहीत तर दुसऱ्यांना घ्यावं लागेल.”

मी ते मोठ्याने पुन्हा सांगितलं. मामांनी ताटली खाली ठेवली आणि पुढे सरकवली, जणू ती कोणाची तरी दुसऱ्याची होती. मामीने दोन्ही हात तोंडावर घेतले. मावशी रडायलाच लागली, आनंदाने.

सकाळच होती. हिवऱ्याहून मेहकर जवळ, तिथून समृद्धी महामार्ग, मग सरळ संभाजीनगर. मोजून पाहिलं तर एक-दीडच्या सुमारास पोचायला हवं होतं. घाई होती, पण धावपळ करावी इतकी नव्हती. त्या मोकळ्या वेळात अण्णांनी संत्र्यांच्या दोन करंड्या आणून डिकीपाशी ठेवल्या.

मी म्हणालो, “अण्णा, उलट आहे ते इथे उतरवून ठेवू या. डाळ, ज्वारी, सगळं. गाडी खाली लागतेय. मी रविवारी येऊन घेऊन जातो.”

मामी म्हणाली, “गजू, डोळा येऊन राह्यला घरात, अन् तू गाडीतून धान्य उतरवतं?”

“मामी, फक्त आजच्यापुरतं.”

“आजच तं उतरवायचं नाई. भरल्या गाडीनं जाऊ दे तुह्या मामाले.”

“शीलाचं वान हाय बे ते,” मामा म्हणाले. “तिचं तिच्या मावशीच्या दारात टाकून जाऊ? काय म्हनन पोरगी? अन् दवाखान्यात आठ दिवस राहा लागलं तं डाय कामी येईन. चाल, वेळ करू नको.”

मावशीची वांगीही तशीच आत राहिली, वर संत्र्यांची एक करंडी डिकीत रेटली, दुसरी मामीच्या पायाशी, त्या उंचवट्यावर. मावशीने मामांना कुंकू लावलं, गाडीलाही लावलं. मामी म्हणाली, अजून आपली नाही ती. मावशी म्हणाली, आता झालीच.

मेहकरच्या अलीकडे एका वस्तीपाशी नवा ब्रेकर केलेला होता. पट्टे मारलेले नव्हते. सकाळच्या उन्हात रस्ता आणि ब्रेकर एकाच रंगाचे. मी ब्रेक दाबला, गाडी जवळजवळ थांबवली, तिरपी केली. पुढची चाकं चढून उतरली आणि पोटाखाली ठण्ण झालं. घासल्याचा आवाज नव्हता तो.

“लागली,” मामा म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

मी उतरून खाली पाहिलं. गाडी इतकी बसली होती की डोकं रस्त्याला टेकवूनही फारसं दिसेना. पुढच्या बाजूला थेंब पडत होते. एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकतंच, जागाही तीच. मी हात घातला, बोट ओलं झालं, पण सावलीत आणि धुळीत त्याचा रंग कळेना.

“काय गळते?” मामी म्हणाली.

“एसीचं पाणी.”

“मग चाल ना.”

समृद्धीवर

ज्यांनी हा महामार्ग पाहिला नाही त्यांना सांगतो: तिथे चढलं की आपला जिल्हा दिसेनासा होतो. दोन्हीकडे कुंपण, मध्ये रस्ता, आणि त्यावर चहाची टपरी नाही, झाडाखाली बसलेला माणूस नाही, बैल नाही. गाडी त्या रस्त्यावर जशी धावली तशी आधी कुठेच धावली नव्हती. मला ती तेव्हा मनापासून आवडली.

“रोड हाय का पाटाचं पानी?” मामा म्हणाले. मग आपणहून बोलू लागले. आठवड्याभरात पट्टी निघाली तर मिरचीची शेवटची तोडणी स्वतः पाहता येईल. वांग्यावर अळी नाही म्हणून मजूर सांगतात, ते खोटं आहे, त्यांना वासावरून कळतं, पण दाखवता येत नाही. “एकडाव पाहू दे मले, मंग एकेकाले धरतो.”

“अन् मले पाह्यजान तं काय करसान?” मागून मामी.

“दोन वर्सांत तुले पाह्यलं नाई. आता पाह्यल्यावर पस्तावलो तं डॉक्टर वापस काढून देतीन का, विचार बे गजा.”

“आधी कोनते रोज पाहात होते!”

मामा हसले. गाडीत काचा बंद, एसी चालू, संत्र्यांचा वास. एवढी शांत गाडी, की इंजिनचा आवाज बदललेला आम्हा कोणाला ऐकू आला नाही.

मग समोर लाल दिवा लागला, तेलाच्या चंबूच्या आकाराचा. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि उतरलो. मागे रस्त्यावर, नजर पोचेपर्यंत, एक काळी बारीक रेघ आली होती. इंजिनच्या तळाशी ऑइलचं भांडं असतं, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. ते फुटलं होतं. ऑइल संपलं होतं. तशीच चालवली असती तर काही मिनिटांत इंजिन जाम झालं असतं, पण त्या काही मिनिटांत संभाजीनगर येणार नव्हतं.

खेड्यातला रस्ता असता तर एव्हाना चार माणसं जमली असती. कोणीतरी दोरखंड आणला असता, कोणीतरी मामांना मोटरसायकलीवर मध्ये बसवून पुढच्या फाट्यावर सोडलं असतं. इथे मी हात करत उभा राहिलो आणि गाड्या एवढ्या वेगाने जात होत्या की आतल्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं. त्यांचं चूक म्हणता येणार नाही. त्या रस्त्यावर थांबणंच धोक्याचं आहे. मदतीच्या नंबरवर फोन केला. त्यांनी सांगितलं, सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा, आम्ही येतो.

मामा कठड्याला धरून उन्हात उभे होते. मामीने पदराची सावली त्यांच्या डोळ्यावर धरली होती.

“किती वाजले?” ते विचारायचे.

मी सांगायचो.

“हाय तं मंग वेळ,” ते म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा, “किती वाजले?”

सिस्टरना फोन केला. त्या चांगल्या बोलल्या. “दुसरा पेशंट आलाय, बसवून ठेवलाय. सरांना मी सांगते. थोडं थांबतील. पण लवकर या हो दादा.”

मदतीची गाडी आली ती आमच्यासाठी फार उशिरा. त्यांच्या मानाने कदाचित वेळेत असेल. त्यातली दोन माणसं भली होती. मामांच्या डोळ्याचं कळल्यावर त्यांनी आम्हा तिघांना आपल्या गाडीत घेतलं, आमची गाडी जालन्यातल्या गॅरेजात ओढून नेण्याची व्यवस्था लावली आणि जालन्याच्या फाट्यावर सोडलं. निघताना एकाने विचारलं, “डिकीत काय हाय एवढं? गाडी भुईला टेकली.”

मामी म्हणाली, “भाजीपाला हाय भाऊ.”

दवाखाना

जालन्यातून भाड्याची गाडी केली. शहरात शिरताना गर्दी लागली. जिन्यावरून मामांना मी जवळजवळ उचलून नेलं. वरच्या मजल्यावर फोनवाल्या सिस्टर टेबलाशीच होत्या. आम्हाला पाहून त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं.

“सरांनी साडेचारपर्यंत वाट पाहिली,” त्या म्हणाल्या. “त्यांना नेलं आत.”

मामांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“एक बाई आहेत. पैठणकडच्या. शिवणकाम करायच्या.”

“म्हातारी हाय का?”

“नाही. तरुण आहेत.”

“बरं,” मामा म्हणाले. बाकावर बसले. मग सिस्टर होत्या त्या दिशेला तोंड करून त्यांनी विचारलं, “मॅडम, मंग आता मी खाल्लं तं चालते का?”

सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, “हो काका. आता खा.”

मी खालून वडापाव आणला. मामांनी तो सगळा खाल्ला, कागदाची घडी केली आणि ती कुठे टाकू म्हणून हातात धरून राहिले. मामी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला त्या दिवशीचं बाकी सगळं पुसट आठवतं, ती घडी मात्र आठवते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं. नाव यादीत आहे तसंच राहील, ते म्हणाले. पुन्हा बुबुळ कधी येईल हे त्यांच्या हातात नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की शिरा मधोमध आल्यात, पुढच्या वेळी बसवलं तरी धरेल असं ते छातीठोक सांगू शकत नाहीत. मामांचे कान तीक्ष्ण आहेत. बाजूला घेण्याचा उपयोग झाला नाही.

परत बाकावर आल्यावर ते म्हणाले, “शीलाले वजनाचं सांगू नको. गाडी जुनी होती, बिघडली, इतलंच सांग.”

“बरं मामा.”

“तुह्या मामीलेही म्या सांगतलं.”

मी शीलाला फोन करून तसंच सांगितलं. मग मागून सुनीलचा आवाज आला, “काय फुटलं म्हन्ते?” आणि तिने मला विचारलं, “दादा, काय फुटलं?” मी म्हणालो, चेंबर. फोन सुनीलच्या हातात गेला नाही, पण तिने त्याला ते सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि तो त्यावर काहीच बोलला नाही तेही.

जालना

मिस्त्रीने गाडी उचलायच्या आधी डिकी रिकामी करून ठेवली होती. डिकीची आणखी एक गोष्ट लिहायला हवी: ती झकास बंद होते, वारा जात नाही. दोन दिवसांत वांगी आणि मेथी सडून पाणी सुटलं होतं. कोहळी तशीच होती. डाळीच्या पोत्याला खालून ओल लागली होती. मिस्त्रीने फुटलेला चेंबर मला हातात दिला. तळाला बोटभर लांबीची चीर, बस.

“गाडीत खोट नाही,” तो म्हणाला. “इंजिन वाचलं. हे बघा, आता रिकामी आहे तर चार बोटं वर आली.” त्याने बूट गाडीखाली सरकवून दाखवला. “माणसं बसवा, सामान कमी. ही गाडी तुम्हाला दहा वर्षं त्रास देणार नाही.”

त्याचं खरं होतं. मी मालकांना फोन करून गाडी ठेवतो म्हणून सांगितलं. माझ्या हातून फुटलेली गाडी परत नेऊन उभी करणं मला जमणार नव्हतं, आणि मामांना नेण्या-आणण्याची गरज संपलेली नव्हती. धान्य, कोहळी आणि संत्री गॅरेजच्या माणसांना वाटून टाकली. मामी म्हणाली होती, घरी आणू नको.

परत अमडापूर

देऊळगाव राजा, चिखली करत आम्ही अमडापूरला आलो. मामांनीच थांबायला सांगितलं. पोरीच्या गावावरून न थांबता गेलो तर तिच्या मनात राहील, म्हणाले. शीलाने जेवू घातलं. पुन्हा सोल्यांची आमटी. मामांनी ती मागून घेतली, चांगली झाली म्हणाले. शीलाने दवाखान्याचं सगळं विचारलं. ती बाई कोण, तिला दिसायला लागलं का, पुढचा नंबर कधी. गाडीबद्दल काही विचारलं नाही. सुनील माझ्याकडे पाहत नव्हता.

निघायची वेळ झाली. मामी मागे बसली, तिला मी हात दिला. मामा बसले नाहीत. हाताने चाचपत मागे गेले आणि डिकीच्या झाकणावर तळवा ठेवून, घराकडे कान करून उभे राहिले.

शीला दारातच होती. आत गेली नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. अंगणात हरभऱ्याचे जुडगे पडलेले, ओसरीवर नव्या तुरीचं पोतं तोंड बांधून तयार ठेवलेलं. ते कोणासाठी बांधलं होतं हे मला विचारावं लागलं नाही.

मामा बराच वेळ तसेच उभे राहिले. घरातून डबा वाजला नाही.

“शीला,” ते म्हणाले.

“गाडी हलकी राहू द्या बाबा,” ती म्हणाली.

मामांनी झाकणावरचा हात काढला. मी त्यांना पुढे आणून बसवलं. टोपी पडली, ती उचलून मांडीवर ठेवली.

गावाबाहेरचा तोच ब्रेकर आला. मी सवयीने गाडी तिरपी करायला गेलो, पण गरज नव्हती. चारही चाकं सरळ चढली आणि उतरली.

“लागली का बे?” मामांनी विचारलं.

“नाही मामा.”

घाटापर्यंत असे बरेच ब्रेकर आहेत. प्रत्येकाला मामांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी नाही म्हणालो. गाडी त्या दिवशी कुठेच खाली लागली नाही.